जुना टू-स्ट्रोक कटर: बिघाड कुठे शोधायचा?

पेट्रोलवर चालणारा जुना चेन सॉ, म्हणजे गावोगावचा कटर, सुरू होईनासा झाला की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरला लागतो. पुष्कळदा दोष तिथेच असतो, हे खरे. पण दर वेळी नाही, आणि धडधाकट कार्बोरेटर विनाकारण खोलून बिघडवल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजात सापडतात. कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, इंजिन ऑइलचा वेगळा पंप नाही. भाग मोजके, म्हणून बिघाडाच्या जागाही मोजक्या. त्या क्रमाने तपासत गेले की बंद पडलेल्या कटरपैकी बरेचसे थोडक्या खर्चात पुन्हा चालू होतात. महाग दुरुस्त्या बहुधा हा क्रम सोडल्यामुळे होतात.

या इंजिनाचे काम एकदा समजून घेतलेले बरे. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली आला की हेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरच्या बाजूच्या वाटांनी वर चढते आणि जळालेला वायू सायलेन्सरकडे ढकलते. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा पंप आहे आणि वंगणसुद्धा पेट्रोलमधूनच येते. जुन्या कटरची निम्मी दुखणी या दोन गोष्टींतून निघतात. क्रँककेसला बारीकशी गळती लागली तरी पंप अडतो, आणि पेट्रोल कमी आले की त्याबरोबर ऑइलही कमी येते. जुन्या चेतक स्कूटरला किंवा लूना मोपेडला पंपावर मापाने ऑइल घालून घेणाऱ्या पिढीला यात नवे काही नाही. फक्त स्कूटरचे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर निवांत चालते, तर कटरचे बारा-तेरा हजारांपर्यंत जाते. एवढ्या वेगात केलेली चूक निस्तरायला वेळ मिळत नाही.

तपासणीची सुरुवात प्लगपासून करावी. चोक लावून दोरी सात-आठ वेळा ओढली आणि इंजिन बोलले नाही, तर प्लग काढून बघावा. तो ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगीत किंवा दाबात खोट आहे. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. पुढची अर्धी तपासणी या एका नजरेने वाचते. प्लगचा रंगही बोलतो. फिक्का तपकिरी म्हणजे ठीक. काळा आणि चिकट म्हणजे ऑइल किंवा पेट्रोल जास्त, नाहीतर एअर फिल्टर तुंबलेला. पांढरट, भाजल्यासारखा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. शेवटचा प्रकार धोक्याचा आणि त्याचे कारण सापडेपर्यंत यंत्र चालवू नये.

ओल्या प्लगमागे पुष्कळदा बिघाड नसतोच. चोक लावून दोरी ओढताना इंजिन एकदा 'भक्' करते. तिथे चोक उघडायचा असतो. तो आवाज निसटला आणि चोक तसाच राहिला की सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते, ज्याला मिस्त्री 'ओव्हर झाला' म्हणतात. प्लग काढावा, स्विच बंद ठेवावा, चोक उघडून एक्सलरेटर पूर्ण दाबावा, प्लगचे भोक खाली येईल असे यंत्र उलटे करावे आणि दोरी दहा-बारा वेळा ओढावी. आतले पेट्रोल बाहेर पडते. मग सुका प्लग लावून चोक न लावता सुरू करावे.

ठिणगी बघण्याची पद्धत स्कूटरचीच: प्लग कॅपमध्ये बसवायचा, त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवायचा आणि दोरी ओढायची. मात्र प्लगच्या उघड्या भोकापासून तो लांब धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. निळी, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक ठिणगी कमकुवत. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून बघावा. गॅप साधारण ०.५ मिलिमीटर. तरीही नसेल तर बंद करण्याच्या स्विचची वायर कॉइलपासून सुटी करावी. ही वायर कुठे घासून धातूला टेकली की इंजिन कायमचे 'बंद'च्या आज्ञेत राहते, आणि कित्येक चांगल्या कॉइल यामुळेच भंगारात जातात. त्यानंतर कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट. ती साधारण ०.३ मिलिमीटर असते. मधे व्हिजिटिंग कार्ड सरकवून, लोहचुंबकाने कॉइल ओढून घेतली की स्क्रू कसावेत आणि कार्ड काढून घ्यावे. फार जुन्या यंत्रांत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. त्यांच्यावर गंज किंवा तेल चढलेले असते, ते बारीक पॉलिश पेपरने साफ होते. ठिणगी चांगली असूनही दोरी हाताला उलटा झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी तुटून टायमिंग हलले असावे.

आता पेट्रोल. हा विषय मोठा आहे, कारण वर्षातले अकरा महिने पडून राहणाऱ्या यंत्राचे हेच मुख्य दुखणे. कोकणात जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा कोपऱ्यात ठेवलेले असे कटर एकाच वेळी बाहेर निघाले. टाकीत मागच्या हंगामाचे पेट्रोल तसेच ठेवले असेल, तर ते आंबूस वासाचे झालेले असते, त्याचा हलका, पेट घेणारा भाग उडून गेलेला असतो आणि मागे राहिलेला चिकट थर कार्बोरेटरच्या केसाएवढ्या वाटा बुजवतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने गोष्ट आणखी अवघड केली आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाणी एका मर्यादेपुढे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. कटरचा टाकीतला फिल्टर वजनाने तळाला पडून असतो, म्हणजे इंजिनाच्या वाट्याला नेमके ऑइल नसलेले पाणी येते. शिवाय जुने रबर इथेनॉलला टिकत नाही. नळी आधी फुगते, मऊ पडते आणि वाळली की कडक होऊन तडकते.

म्हणून जुन्या कटरला हात लावताना टाकी रिकामी करून धुवावी, वाकवलेल्या तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर ओढून बदलावा आणि नळी वाकवून चिरा बघाव्यात. चीर टाकीच्या भिंतीतून नळी जाते तिथे लपलेली असते. नळीला चीर असली की पेट्रोलबरोबर हवा ओढली जाते. इंजिन सुरू होते, पण एक्सलरेटर दाबला की मरते. टाकीला हवा घेण्याचे बारीक छिद्रही असते. ते बुजले तर कटर दहा मिनिटे झकास चालतो आणि मग दम लागल्यासारखा बंद पडतो. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइलही अगदी हेच करते, त्यामुळे मिस्त्री इथे चकतात. फरक ओळखणे सोपे आहे. बंद पडल्या क्षणी टाकीचे झाकण सैल करावे. फुस्स आवाज येऊन यंत्र लगेच सुरू झाले तर दोष छिद्राचा. नाहीतर गरम असतानाच ठिणगी तपासावी.

कार्बोरेटरची पाळी यानंतर. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी कुंडी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो; गाडी आडवी झाली की पेट्रोल सांडते. कटर तर कधी आडवा, कधी उलटा धरावा लागतो. त्यामुळे तिथे फ्लोटऐवजी पातळ पडदे, म्हणजे डायफ्राम असतात. एका बाजूचा डायफ्राम क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा इंजिनाच्या ओढीने आत येतो, एक इवलीशी पट्टी दाबतो आणि सुईची झडप उघडून हवे तेवढेच पेट्रोल सोडतो. नवा डायफ्राम मलमलीसारखा लवचीक असतो. जुना बोटाने दाबला तर कुरकुरतो. असा कडक पडदा पट्टी पुरेशी दाबू शकत नाही आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडू लागते. म्हणजे काही वर्षांनी डायफ्राम बदलणे हे किरकोळ काम नाही. पुढे पिस्टन वाचतो तो त्यामुळे.

कार्बोरेटर खोलण्याआधी बाहेरची धूळ ब्रशने झाडावी आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पॅकिंग आणि डायफ्राम यांचा क्रम उलटा लागला की दुरुस्ती वाया जाते. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बाजूला साधारणपणे आधी पॅकिंग, मग डायफ्राम असतो. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, म्हणजे पंपाच्या बाजूला बहुतेकदा उलट असते. आत पंपाच्या बाजूला पेट्रोलच्या वाटेवर टिचभर जाळी असते, तीच तुंबलेली सापडते. वाटा कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याने आणि हवेने साफ कराव्यात. तार घालू नये, कारण भोक किंचित जरी मोठे झाले तरी प्रमाण बिघडते. फवारा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा, एका भोकात मारलेले दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येते. सुईची पट्टी किती उंचीवर असावी हे कंपनीप्रमाणे बदलते. ती जास्त वर असेल तर इंजिन सतत 'ओव्हर' होते, जास्त खाली असेल तर उपाशी राहते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन घेत नाही, तेव्हा दाब बघायचा. साधी परीक्षा अशी: प्लग जागेवर ठेवून, स्विच बंद करून, स्टार्टरची मूठ हातात धरून कटर लोंबकळत सोडावा. चांगले इंजिन स्वतःच्या वजनाने झटके देत, थांबत थांबत खाली येते. सरकन खाली आले तर दाब गेला. गेजवर १५० पीएसआयच्या आसपासचा आकडा निरोगी समजतात. १०० च्या खाली गेले की सुरू करताना घाम निघतो. सुरू करताना दाब सोडणारा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रात तो बंद असल्याची खात्री आधी करावी, नाहीतर चांगले इंजिन मेलेले वाटते.

दाब कमी असेल तर सायलेन्सरचे दोन-तीन नट सोडून आत बॅटरीचा उजेड टाकावा. या भोकातून पिस्टनची बाजू आणि रिंग दिसते, आणि इंजिनाचा इतिहासही. पिस्टन गुळगुळीत, राखाडी दिसला तर ठीक. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील, तर ऑइल न घातलेले पेट्रोल, पातळ मिश्रण किंवा कुठूनतरी शिरणारी फाजील हवा यांपैकी एक कारण बहुधा असते. ओरखडे कार्बोरेटरच्या बाजूला असतील, तर फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली आहे. ही बाजू कार्बोरेटर उतरवून त्याच्या वाटेतून बघावी लागते. सगळीकडे सारखे ओरखडे म्हणजे बहुधा ऑइलच नव्हते. हे वाचून न घेता नवा पिस्टन टाकणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला पुन्हा त्याच दुकानात आणण्याची सोय करून ठेवतो.

इथे स्कूटरचा अनुभव फसवा ठरतो. जुन्या स्कूटरचा सिलिंडर बिडाचा असे. घासला की लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की काम भागे. कटरचा सिलिंडर सहसा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतल्या पृष्ठभागावर क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण मुलामा असतो. तो पातळ असतो, त्यामुळे बोअर करता येत नाही. मात्र सिलिंडरवर दिसणारे ओरखडे कधीकधी मुलाम्याचे नसतात. पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम त्यावर चिकटलेले असते. ते बारीक पॉलिश पेपरने हळूहळू निघते. नख फिरवून बघावे. कठीण थर शाबूत असेल तर नवा पिस्टन आणि रिंग घालून सिलिंडर वाचतो. थर उडून खालचा पांढरा धातू दिसत असेल तर सिलिंडर बदलणे भाग. नवा पिस्टन बसवताना त्यावरचा बाण सायलेन्सरकडे असावा, रिंगची टोके खाचेतल्या पिनेशी जुळावीत आणि गजनपिनेच्या सर्कलिप नव्याच वापराव्यात. सर्कलिप उडून क्रँककेसमध्ये पडली, तर नवा सिलिंडर पहिल्याच मिनिटात जायचा.

फाजील हवा हे जुन्या कटरचे लपलेले दुखणे. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामध्ये रबरी जोड असतो. वयोमानाने दोन्ही कडक होतात. लक्षण ठरलेले आहे: एक्सलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, आयडल आपोआप वरखाली होतो आणि स्क्रू कितीही फिरवले तरी जुळत नाही. अशा वेळी स्क्रूशी झुंजणे थांबवावे. सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडे रबराच्या तुकड्यांनी बंद करून क्रँककेसमध्ये साधारण अर्धा बार दाबाची हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तिथे गळती. काही सील आतून दाब दिला तर बसतात आणि ओढ लागली तरच गळतात, म्हणून ओढीनेही तपासतात. क्लचच्या बाजूचा सील काढायचा तर आधी क्लच सोडावा लागतो. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून सुती दोरी सोडतात. लोखंडी वस्तू घातल्यास पिस्टनला भोक पडते.

मग जुळवणी. बहुतेक कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात: एल मंद गतीसाठी, एच पूर्ण वेगासाठी आणि एलए किंवा टी आयडलसाठी. एल आणि एच हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन एकेक फेरा बाहेर काढले की सुरुवातीपुरते जमते. जोर लावला तर टोक बिघडते. इंजिन गरम झाल्यावर एल फिरवत आयडल सर्वांत जलद होईल ती जागा शोधावी आणि तिथून किंचित बाहेर घ्यावा. आयडल एवढा ठेवावा की साखळी स्थिर राहील. साखळी आपोआप फिरत असेल तर तो कटर कामावर नेऊ नये. एचच्या बाबतीत कान लागतो. मोकळ्यात पूर्ण एक्सलरेटरवर आवाज किंचित फडफडता हवा आणि ओंडक्यात घातल्यावर तो स्वच्छ व्हावा. मोकळ्यातच एकसारखी किंकाळी येत असेल तर पेट्रोल कमी आहे, आणि ताकद जास्त वाटते म्हणून तसेच चालवणाऱ्याचा पिस्टन लवकरच पकडतो.

मिश्रणाचे गणित सोपे आहे. ५०:१ साठी लिटरला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ साठी ४०. जुन्या यंत्रांवर आणि बाजारातल्या स्वस्त चिनी ५२ किंवा ५८ सीसी कटरवर बहुधा २५:१ लिहिलेले असते. नव्या चांगल्या यंत्रांना ५०:१ चालते. ऑइल टू-स्ट्रोकचेच हवे, डब्यावर जासो एफडी असा दर्जा असलेले. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑइल घातल्यास राख होते, प्लग आणि सायलेन्सर भरतात. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असते. ती काजळीने बुजली की सगळे नीट असूनही कटर ओढत नाही, आणि हा दोष शोधायला कधीकधी अख्खा दिवस जातो. जाळी काढून ब्रशने साफ केली की झाले.

इंजिन चालले म्हणजे कटर कापतोच असे नाही. आजची साखळी अमेरिकेतल्या ओरेगनमधला लाकूडतोड्या जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स याची. लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी दोन्ही बाजूंना जबडे चालवत उभे-आडवे कसेही कापत जाते, हे त्याने १९४६ मध्ये पाहिले आणि त्या धर्तीवर दात आखले. त्याआधीच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे होते. कॉक्सच्या दाताची धार कानशीने हातानेच लावता येते. ०.३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, कोन साधारण ३० अंश, घास फक्त बाहेरच्या दिशेने, आणि सगळे दात एकाच लांबीचे. एका बाजूचे दात आखूड झाले की कटर ओंडक्यात तिरका जातो, आणि दोष साखळी ज्यावर फिरते त्या बारला दिला जातो. दातापुढचा छोटा उंचवटा धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो फार घासला तर साखळी लाकडात रुतून हाताला झटके देते. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर नाही. माडाच्या खोडाचे धागे स्प्रॉकेटभोवती गुंडाळले जातात, ते प्रत्येक कामानंतर काढावेत. साखळीला ऑइल पोहोचते की नाही, हे बारचे टोक फिक्या दगडाकडे धरून पूर्ण वेग दिला की कळते. बारीक रेघ उमटली पाहिजे. नसेल तर बारचे ऑइलचे भोक भुशाने बुजलेले असते.

सगळ्या दुरुस्तीत एक गोष्ट टाळता येत नाही: साखळीचा ब्रेक. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की कटर क्षणात तोंडाकडे उसळतो. पुढची ढाल मनगटाने ढकलली की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. सत्तरच्या दशकाआधीच्या बहुतेक यंत्रांना हा ब्रेकच नाही.

काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत आयडलवर चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. साठवलेले मिश्रण महिन्यापलीकडे ठेवू नये. सिलिंडरचा मुलामा गेलेला, क्रँकचे बेअरिंग खडखडणारे आणि ब्रेक नसलेले यंत्र दुरुस्त करण्यात पैसा घालण्यासारखा नसतो. त्याची कॉइल, कार्बोरेटर, स्टार्टर आणि क्लच काढून ठेवतात. त्याच मॉडेलचा दुसरा कटर गावात असेल तर ते भाग तिथे लागतात.